लोडवर किती?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाला आमंत्रण देतात. खांदे शेकायचे, हळद-तूप चोळायचं आणि कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जुवाचा घट्टा पडलेल्या त्या खांद्यावरून हात फिरवताना घरातला तिरसट माणूसही दोन मिनिटं मऊ होतो. बैल त्या दिवशी सुटीवर असतो, पण माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कारण त्याच हप्त्यात पाऊस उघडतो, कपाशीवर मावा-तुडतुडे चढतात आणि गावातले सगळे फवारणी पंप एकदम आजारी पडतात.

माझं दुकान म्हणजे हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात बस थांब्याजवळची दहा बाय बाराची खोली. आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, दोन वर्षं जिनिंगमध्ये मोटारी सांभाळल्या आणि मग इथे येऊन बसलो. पंखा, टॉर्च, मोबाईलचा चार्जर, शेगडी, कुंपणाचं झटका मशीन, जे येईल ते. पण खरा धंदा पंपाचा. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप, त्यात बारा व्होल्ट आठ अँपिअरची बॅटरी. दिवाळीनंतर माणूस तो पंप कोठ्यात टाकतो आणि जूनपर्यंत त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. ॲसिडची बॅटरी पडल्या पडल्याही उतरत जाते, प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग ती बॅटरी चार्ज घेतल्याचं नुसतं सोंग करते. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा, एवढं मी पंधरा वर्षं सांगतो आहे. कोणी ऐकत नाही. ऐकलं असतं तर माझं कसं चाललं असतं, हाही प्रश्नच आहे.

त्या दिवशी असाच एक शेतकरी पंप घेऊन बसला होता. "भाऊ, नवीन चार्जर घेतला, रातभर लावला, हिरवा लाइट बी आला. वावरात गेलो का दोन टाक्यांत बसते." मी मीटर लावला. बारा पॉइंट चार. "पाहा, भरली हाये ना!" तो म्हणाला. मी बटण दाबलं, पंप घरघरला आणि मीटर सरळ नवावर आला.

आमच्या धंद्यातली सगळी विद्या ह्या एका गोष्टीत आहे. बॅटरी मोकळी, म्हणजे काही चालवत नसताना, मोजली तर ती काहीही सांगते. गोठ्यात उभा असलेला बैल कितीही दणकट दिसला तरी त्याचा दम कळतो तो चिखलातून भरली बंडी ओढताना. म्हणून मी कोणी काही आणलं की आधी विचारतो, लोडवर किती?

माझा भाचा बाकड्यावर बसून हे पाहत होता.

तो चाकणला एका कारखान्यात आहे. चोवीस वर्षांचा. पोळ्याला दोन दिवस आला होता. गिऱ्हाईक चहाला उठल्यावर त्याने खिशातून एक वस्तू काढली आणि टेबलावर, पंपाच्या नोझलांच्या मधोमध ठेवली. काडेपेटीहून मोठी, पत्र्याची डबी, वर काचेची इवलीशी टाकी, टाकीत मधासारखं काही.

"मामा, हे जरा पाहा ना. आईले सांगू नका."

मी आधी पॉवर बँक समजलो. मग वास आला. आंब्याचा, पण कोणत्याही झाडाला न लागणाऱ्या आंब्याचा.

"सिगरेट हाये का बे?"

"वेप म्हणतात. धूर नसते ह्याच्यात, वाफ असते."

आता ही वस्तू आपल्याकडे बंद आहे, हे मला पेपरातून ठाऊक होतं. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, विकणं, आणणं, साठवणं, नेणं, जाहिरात करणं, सगळ्याला मनाई. पहिल्यांदा सापडलात तर वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही; नुसतं साठवलं तर त्याच्या निम्मं. पण आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंद असलेली वस्तू कुठे मिळते हे इथे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. त्यामुळे कोठून आणलं, हा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारलं ते काय होतं आहे.

"चार झुरके मारले का लाइट लुकलुक करते आन् बंद. पुन्हा चार्ज करा. अन् आता तर वाफ बी कमी येते, आली तर जळका वास. घशाले आगच लागते."

खरं सांगतो, इथे मामा मागे पडला आणि मिस्त्री पुढे आला. बिघडलेली वस्तू समोर आली की माझे हात माझं ऐकत नाहीत. मी खालचं झाकण सरकवलं. आत एकच सेल. माझ्या ओळखीचा! अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, म्हणून नाव १८६५०. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून मी हेच सेल काढतो आणि राखणीला जाणाऱ्यांच्या टॉर्चमध्ये घालतो. रानडुकरावर ज्याचा झोत पडतो, तोच सेल चाकणमध्ये आंब्याची वाफ काढत होता. ह्या लिथियमच्या सेलची गंमत अशी की वटहुकूम निघाला त्याच्यानंतर तीनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर २०१९ ला, तो घडवणाऱ्या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो. गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते.

भाच्याच्या सेलवर लिहिलेलं होतं, ९९०० एमएएच. मी हसलो. ह्या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास माल मावतो. नऊ हजार नऊशे म्हणजे एका पायलीत तीन पायल्या. शिवाय हाताला हलका लागत होता. शेजारच्या सोनाराकडे नेऊन काट्यावर ठेवला, एकतीस ग्रॅम भरला. खरा सेल पंचेचाळीसच्या आसपास भरतो. सोनार म्हणाला, "घट हाये का?" मी म्हटलं, "घटच हाये."

परत येऊन मीटर लावला. चार पॉइंट एक.

"म्हणजे भरलेला हाये," भाचा म्हणाला. अगदी त्या पंपवाल्याच्या सुरात.

मी ड्रॉवरमधून दीड ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर काढला आणि सेलच्या दोन्ही टोकांना टेकवला. चार पॉइंट एकचे तीन झाले. चांगला सेल एवढ्या ओझ्याला फार तर दशांश-दोन दशांश खाली येतो. हा व्होल्टभराहून जास्त खाली बसला. आत रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढला की असं होतं. करंट बाहेर येण्याआधी आतल्या आतच खर्च होतो, सेल गरम होतो आणि डबीतल्या सर्किटला वाटतं, संपला. म्हणून लुकलुक. मोकळा सोडला की दोन मिनिटांत पुन्हा साडेतीन-चार दाखवायला लागतो, म्हणून हा पठ्ठ्या पुन्हा झुरका मारणार, ते पुन्हा बंद पडणार.

"चार्ज कायनं करतो?"

"मोबाईलच्या फास्ट चार्जरनं. रात्री उशीखाली."

उशीखाली! मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. हा सेल चार पॉइंट दोनला थांबवावा लागतो, थांबवण्याचं काम डबीतली एक चिमुकली चिप करते आणि ती चिप दोन रुपयांची की वीस रुपयांची, हे कोणी उघडून पाहिलेलं नसतं. त्यात उशीची ऊब. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा मी गिऱ्हाइकांना बजावतो की टॉर्च गाडीच्या डिकीत ठेवू नका, गरमीने सेल लवकर म्हातारा होतो. आणि माझाच भाचा गरमीचं घर करून त्यावर डोकं ठेवून झोपतो. एक जादाचा सेलही त्याच्याजवळ होता. पँटच्या खिशात, खोलीच्या किल्ल्यांसोबत. त्याचं वरचं प्लास्टिक टोकाशी टवकलेलं. ह्या सेलचं अख्खं अंग म्हणजे मायनस, फक्त डोक्यावरचा बिल्ला प्लस. बिल्ल्याच्या काठाचं प्लास्टिक फाटलं आणि तिथे किल्ली आडवी पडली की झालं. टॉर्चच्या सेलने माझी एक पँट जाळलेली आहे, मांडीवर अजून डाग आहे. तो त्याला दाखवला. दुकानात, भर दुपारी, पोळ्याच्या आदल्या दिवशी.

मग टाकी उघडली. खालच्या आट्यांत चिकट ओल साचलेली, मधली पिन दबून आत गेलेली. अशी ओल झाली की टेकणं नीट होत नाही, डबी सेलला दोष देते आणि माणूस नवीन सेल आणायला धावतो. पंपात चार्जरच्या पिनेला हिरवं चढतं, त्यातलाच प्रकार. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसलं, पिन सुईने केसभर वर उचलली. ते पातळ बोटाला लागलं तेव्हा मात्र मी उठून हात साबणाने धुतले. भाच्याला नवल वाटलं.

नवल कसलं? ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, वास आणि निकोटिन. आमचे आजोबा तंबाखूचा काढा करून झाडांवरच्या किडीला मारत. आज आम्ही माव्यासाठी जे इमिडाक्लोप्रिड मारतो, त्याच्या डब्यावर १७.८ एसएल लिहिलेलं असतं, ते निकोटिनच्याच नात्यातलं. किडीच्या नसांत निकोटिन जिथे जाऊन बसतं, तिथेच हेही बसतं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीस-बावीस माणसं गेली. मोनोक्रोटोफॉसचं नाव तेव्हा पेपरात आलं, ते वेगळ्या जातीचं विष. पण कातडीतून विष आत जातं, हे त्या वर्षानंतर आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. तेव्हापासून माझ्या दुकानात पंप उघडण्याआधी हातमोजे आहेत. आणि हा पोरगा तेच नातं टाकीत भरून, आंब्याचा वास लावून, मुद्दाम छातीत घेत होता. मी बोललो नाही. मनात आलं एवढंच.

आता कॉइल. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, काय करता! नखाएवढी नळी, तीत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याच्या पोटातून जाणारी वात. कशाची वात? कापसाची. जगभर फिरून, चीनमधून तयार होऊन, चाकणमार्गे आमचा कापूसच माझ्या टेबलावर परत आला होता. तोही काळा होऊन.

ह्या यंत्राचं तंत्र देवापुढच्या निरांजनाचंच. वात तेल वर ओढते, ज्योत तेल जाळते, वात टिकते. तेल सरलं की वात स्वतः जळते. इथे ज्योतीच्या जागी तार आहे. तीन पॉइंट सात व्होल्ट आणि एक पॉइंट दोन ओहम, म्हणजे तीन अँपिअर, अकरा-साडेअकरा वॅट. वात ओली आहे तोवर ती गरमी वाफ करण्यात जाते. वात कोरडी पडली की तीच गरमी कापसावर. जळका वास, घशाला आग, ते हेच. आणि वात कोरडी पडते ती टाकी रिकामी झाली म्हणूनच असं नाही. पातळ जास्त दाट असलं की चढायला वेळ लागतो, वात गच्च कोंबली की चढतच नाही, आणि एकामागून एक झुरके ओढले की वर चढायला सवडच मिळत नाही.

"किती वेळानं ओढतो?"

"नाइट शिफ्टले जरा जास्त होते, मामा. बारा तास उभं राहा लागते. झोप येते. सुपरवायझर बाहेर जाऊ देत नाही, बाथरूममधी घाईघाईत ओढतो."

मी कॉइल मोजली. मीटर म्हणाला एक पॉइंट सहा. मग मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या, पॉइंट चार. स्वस्त मीटरच्या वायरीच एवढा रोध खातात, तो आधी वजा करायचा. राहिले एक पॉइंट दोन, नळीवर कोरलेलं तेवढंच. म्हणजे तार शाबूत होती, गेली होती फक्त वात. भाच्याला ते वजा करणं फार आवडलं. दोनदा करून पाहिलं त्याने.

"मग नवीन कापूस टाकून द्या ना. कापसाच्या गावात बसलो आपण."

मी कोपऱ्यातल्या गाठोड्यातून घरची रुई काढली, वाटीत पाणी घेतलं आणि त्यावर ठेवली. रुई तरंगत राहिली. बोटाने दाबली तरी वर आली. मग दवाखान्यातला कापूस ठेवला, तो दोन क्षणांत प्यायला आणि बुडाला. वावरातल्या कापसाला मेण असतं. सोड्यात उकळून ते काढल्याशिवाय त्याला पाण्याची तहान लागत नाही. आजी ह्याच रुईच्या फुलवाती करायची, त्या पेटायच्या, कारण तेलाचं आणि मेणाचं जमतं. ग्लिसरीनची जात पाण्याची. भाचा त्या वाटीकडे बराच वेळ पाहत होता. शाळेत असताना तो असाच पाहायचा, उन्हाळ्याच्या सुटीत, मी मोटार उघडली की.

तर असं होतं. निदान पूर्ण झालं. सेल बनावट, टेकण मळकट, वात जळालेली. उपाय सगळे माझ्या ड्रॉवरमध्ये. लॅपटॉपचा काढलेला चांगला सेल होता, दवाखान्याचा कापूस होता. पंधरा मिनिटांचं काम.

आणि मी हात पुसून बसलो.

"सेल नाही देत," मी म्हटलं.

"काऊन? टॉर्चले देता का नाही?"

"टॉर्च हाये थे."

तो हसला. रागाने नाही, मला बरोबर ओळखून. "मामा, तुमच्या वरच्या खिशात काय हाये?"

वरच्या खिशात खर्रा होता. दुसरं काय असणार! सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून पाटीवर घोटलेला, सकाळीच घेतलेला, अर्धा संपलेला. गुटखाबंदी २०१२ ची. टपरी माझ्या दुकानापासून बावीस पावलांवर आहे. माझ्या बायकोने ती पावलं मोजली आहेत. तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, पाणीपुरी मी कधीची सोडली आणि लोकांना सांगतो की मला आवडत नाही. रोज तोंड बंद ठेवून बसलो की मला काही झालेलं नाही. मोकळ्यावर मीही चार पॉइंट एक दाखवतो.

उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात पंपवाला चहा पिऊन आला आणि मी सुटलो. त्याच्या बॅटरीचं आता काही होणार नव्हतं, नवीन घालायची होती. मी भाच्याला म्हटलं, ये, तू घाल. त्याने जुनी काढली, लाल-काळी वायर आधी बघितली मग जोडली, गाळणीची जाळी न सांगता उघडून धुतली, बटण दाबलं आणि मीटर माझ्या हातात दिला. "लोडवर अकरा नऊ," म्हणाला. पंपवाल्याने पैसे त्याच्याच हातात ठेवले.

बनावट सेल मी वाळूच्या बादलीत टाकला. बादली दुकानामागे आहे, त्यात अशा सेलांची वर्षभराची भर पडलेली. २०२२ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी जुन्या बॅटऱ्या परत न्यायच्या आहेत. आमच्या गावात न्यायला येतो तो भंगारवाला, आणि तो तांबं काढायला सगळं पेटवतो. म्हणून त्याला देत नाही. बादली भरत आली आहे, हे खरं.

दुसऱ्या दिवशी पोळा झाला. तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या, म्हणजे पोळ्याची खोचक गाणी, झाल्या, ह्या वर्षीच्या झडत्यांत कापसाच्या भावाला धरून चांगलं झोडलं. भाचा बैलाचा कासरा धरून उभा होता. मधूनच खिशाकडे हात जाई आणि परत येई. मी आडून पाहत होतो. माझाही हात वरच्या खिशाकडे जात होता, तो माझी बहीण पाहत होती की नाही, कोण जाणे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी तो बसने निघाला. डबी माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली. विसरला की ठेवली, मी विचारलं नाही.

परवा कशासाठी तरी ड्रॉवर उघडला तर ती हाताला लागली. टाकीतला आंबा आता तपकिरी झाला आहे. सहज मीटर लावला, सुयांचा रोध वजा केला, एक पॉइंट दोन. तार तशीच आहे. संध्याकाळी त्याचा फोन आला, कारखान्याबद्दल, आईच्या गुडघ्याबद्दल बोलला, आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता:

"मामा, थे तुमच्यापाशीच हाये ना?"

"हाये."

"राहू द्या." मग जरा थांबून, "आन् तुमचं?"

"माझं खिशात हाये," मी म्हटलं.